अंगातली उष्णता फार वाढलीय, कुठल्या औषधी वनस्पती घेऊ आणि काय खाऊ? (गोव्यातल्यांनी जरूर सांगा)

आसावरी_फोंडा

नमस्कार सगळ्यांना. माझं माहेर सातारा, लग्नानंतर फोंड्याला आले. तिकडचा कोरडा उन्हाळा मला कधी बाधला नाही पण इथला दमट उकाडा काही सोसत नाहीये. मार्च लागला की सुरू होतं ते पाऊस पडेपर्यंत आणि मग परत ऑक्टोबरमध्ये. डोळे चुरचुरतात, तोंड येतं म्हणजे जिभेच्या कडेला आणि ओठाच्या आतून फोड, रात्री तळपायांची इतकी आग होते की पाय लादीवर टेकवून झोपावं लागतं, मानेवर पाठीवर घामोळं, आणि मधूनमधून लघवीला जळजळ. थर्मामीटर लावला तर ताप अजिबात नाही. जेवण तिखट झालं की त्या रात्री हमखास छातीत जळजळ.

कुंडईला औषधांच्या कंपनीत प्रॉडक्शनला आहे, शिफ्ट बदलत्या असतात, आठवडाभर नाईट मग सकाळची असं. आत गाऊन, मास्क, हातमोजे सगळं घालून असतो. मी शाकाहारी आहे, घरी मासे होतात पण मी खात नाही, सासूबाई माझ्यासाठी वेगळं करतात.

आता प्रत्येकजण वेगळं सांगतो. आई म्हणते गुलकंद खा, सासूबाई म्हणतात सोलांचं (वाळवलेल्या कोकमांचं) पाणी पी, कंपनीतली मैत्रीण गुळवेलीचा ज्यूस पिते तिने मलाही बाटली आणून दिली, व्हिडिओत सांगतात कोरफड आणि आवळा ज्यूस उपाशीपोटी. सध्या सकाळी गुळवेल, कोरफड, आवळा तिन्ही चालू आहे आणि रात्री दही-भात, कारण दही थंड असतं ना. तरी फरक नाही, उलट पोट बिघडल्यासारखं वाटतं.

तर नक्की काय घ्यावं, किती घ्यावं, आणि आंबे-फणस-काजू खायचे की बंद करायचे ते कोणीतरी नीट सांगा प्लीज. गोव्यात सहज मिळतं असंच सांगा.

सत्तरीची_माई

बाय आसावरी, तुझ्या सासूबाई बरोबर सांगतात बघ. आमच्याकडे वाळपईच्या बाजूला उन्हाळ्यात कोणी चूर्णं शोधत बसत नाही, स्वयंपाकघरातच सगळं असतं. आधी तो सकाळचा चहा-बिस्किट सोड आणि पेज सुरू कर. उकड्या तांदळाची पेज, जरा पातळ, मीठ घालून, बरोबर उकडलेली भाजी नाहीतर तवशाच्या म्हणजे काकडीच्या फोडी. शेतात काम करणारी माणसं दहा-अकराला पेज पिऊनच दिवस काढायची, उन्हात राबूनसुद्धा अंगात तरतरी राहायची कारण पाणी, मीठ, भात तिन्ही एकत्र पोटात जातं आणि जड पण होत नाही. सकाळची शिफ्ट असेल तर डब्यात ने, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात छान राहते.

दुसरं म्हणजे नाचणीचं तिझन. नाचणी रात्री भिजत घालायची, सकाळी वाटून फडक्यातून गाळायची, जे सत्त्व येतं ते पातळ करून मंद आगीवर ढवळत शिजवायचं, नारळाचा रस आणि गूळ घालायचा, चिमटीभर मीठ. गार करून वाटीभर प्यायचं. ढवळणं थांबवलंस तर गुठळ्या होतात, एवढंच सांभाळ. फ्रीजमधलं बर्फासारखं नको, माठाच्या पाण्यात भांडं ठेवून गार कर.

सोलांचं म्हणशील तर चार-पाच सोलं पाण्यात भिजत घाल, चांगली कुस्करून गाळून घे, जिरेपूड, थोडा गूळ नाहीतर साखर, मीठ अगदी बेताचं, हे तिवळ. सोलकढी करायची तर तुझ्यासाठी लसूण आणि मिरची काढून टाकायची, ती चवीला घालतात, उष्णता असलेल्या माणसाला ती लागत नाही. आणि आडसराचं म्हणजे शहाळ्याचं पाणी दुपारी उन्हातून आल्यावर, रोज एक मिळालं तर बरंच. आडसर फोडलं की तिथेच प्यायचं, बाटलीत भरून संध्याकाळपर्यंत ठेवू नये.

या दिवसांत कुळथाची पिठी, कुळथाचं कळण, सुकं खोबरं-गरम मसाल्याचं शाकुती, तेफळं (तिरफळं) घातलेलं कमी कर. कुळीथ पावसात आणि थंडीत खा हवा तेवढा. दुधी, तवशें, तांबडी भाजी, कोहळा, पडवळ, मुगाची डाळ असं ठेव ताटात.

तळपायाला रात्री झोपताना काशाच्या वाटीने तूप चोळ. सासूबाईंकडे जुनी काशाची वाटी असणारच. टाचा फुटल्या असतील तर भिरंडेल लाव. भिरंडीच्या म्हणजे कोकमाच्या बियांचं ते घट्ट पांढरट तेल असतं, वड्यांसारखं मिळतं, जरा गरम करून लावायचं.

वैद्य_डिचोली

मी डिचोलीत आयुर्वेदाची प्रॅक्टिस करतो. प्रश्न चांगला तपशीलवार लिहिलाय त्यामुळे सविस्तर उत्तर देतो. तरी हे तपासणीची जागा घेत नाही, नाडी-जीभ-पोट बघितल्याशिवाय औषध ठरत नसतं, म्हणून ज्या गोष्टी बहुतेकांना चालतात तेवढ्याच सांगतोय.

पहिलं काम, ते तिन्ही ज्यूस आजपासून बंद करा. कोरफडीच्या पानाच्या सालीलगत जो पिवळा कडू चीक असतो तो जुलाब करतो, बाजारच्या ज्यूसमध्ये तो किती काढलाय ते आपल्याला दिसत नाही. पोट बिघडल्यासारखं वाटतंय ते त्यामुळे असू शकतं. गुळवेलीबद्दल सांगायचं तर ती आमच्या रोजच्या वापरातली चांगली वनस्पती आहे, पण २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं आणि आयुष मंत्रालयाने त्यावर म्हटलं होतं की खरी गुळवेल सुरक्षित आहे, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद काही असो, रुग्णाने घ्यायचा धडा एकच, कुठून आली माहीत नाही अशी बाटली महिनोन्महिने स्वतःच्या मनाने पिऊ नये. आणि तीन गोष्टी एकदम चालू असल्या की गुण आला तरी कशाने आला कळत नाही आणि त्रास झाला तरी कशाने झाला ते कळत नाही.

दुसरं, रात्रीचं दही. हा गैरसमज इतका पसरलाय की रोज ओपीडीत सांगावं लागतं. दही हाताला गार लागतं पण आयुर्वेदात ते उष्ण वीर्याचं म्हणजे उष्ण परिणाम करणारं, पचायला जड आणि पचल्यावर आंबट होणारं सांगितलंय. रात्री तर खाऊच नये असं स्पष्ट आहे आणि ग्रीष्म-शरदात नेहमी खाऊ नये असंही आहे. तुम्हाला त्रास नेमका कधी होतो, तर उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात. आयुर्वेदाच्या हिशोबाने पावसाळ्यात पित्त साठतं आणि शरदात ऊन पडलं की उसळतं, म्हणून ऑक्टोबरच्या तक्रारी खास पित्ताच्या असतात. आंबट ताकसुद्धा अंगाची आग होत असताना नको. घ्यायचंच असेल तर ताजं, गोड, भरपूर पाणी घालून घुसळलेलं, लोणी काढलेलं, धणे-जिऱ्याची पूड घालून, आणि फक्त दुपारी.

मग घ्यायचं काय. सुरुवात धण्यापासून करा. दोन चमचे धणे जाडसर कुटा, पाऊण कप पाण्यात मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर भिजत ठेवा, सकाळी कुस्करून गाळा, खडीसाखर घालून प्या. याला हिम म्हणतात, म्हणजे न उकळता गार पाण्यात काढलेला अर्क. मूळ कृतीत औषधाच्या ६ पट पाणी आहे, घरी थोडं जास्त पडलं तरी बिघडत नाही. लघवीची जळजळ, तहान, अंगाची आग यावर साधा आणि स्वस्त उपाय. दोन आठवडे एवढंच करा आणि बघा.

आवळा चांगलाच, पण ज्यूसऐवजी मोरावळा किंवा सावलीत वाळवलेल्या आवळ्याचं चूर्ण घ्या. आवळा आंबट असून शीत वीर्याचा आहे आणि पचल्यावर गोड होतो, म्हणून आंबटांमध्ये तो अपवाद. चूर्ण ३ ग्रॅमपासून सुरू करायचं, तूप-खडीसाखरेबरोबर. गुलकंद रात्री चमचाभर दुधातून, पोट साफ व्हायलाही मदत होते, मात्र त्यात जवळपास सगळी साखरच असते तेव्हा मधुमेह असेल तर नाही.

वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन फडक्यात बांधून माठात टाका, पाण्याला वास येतो, तीन-चार दिवसांनी काढून उन्हात वाळवायची, बुळबुळीत झाली तर फेकायची. तोंड आलं असेल तर ज्येष्ठमधाची पूड तुपात कालवून फोडांवर लावा. ज्येष्ठमध पोटात मात्र जास्त दिवस घेऊ नका, ब्लड प्रेशर वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, बीपीची गोळी चालू असलेल्यांनी तर नकोच. शतावरी, उपळसरी, प्रवाळ, कामदुधा ही सगळी पित्ताची औषधं आहेत पण ती वैद्याने बघून द्यायची, यूट्यूबवरून नाही. अविपत्तिकर चूर्ण बरेच जण टूथपावडरसारखं रोज घेतात, त्यात निशोत्तर आहे, ते रेचक आहे.

माईंनी सांगितलेल्या बहुतेक गोष्टी उत्तम, फक्त कोकमाबद्दल एक नोंद. निघंटूंमध्ये, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या द्रव्यकोशांत, वृक्षाम्ल म्हणजे कोकम उष्ण वीर्याचं सांगितलंय. म्हणून ज्यांना छातीत जळजळ, आंबट ढेकर आहेत त्यांनी आगळ म्हणजे कोकमाचा दाट रस उपाशीपोटी पिऊ नये.

सत्तरीची_माई

वैद्यबुवा, तुमचं शास्त्र मी मोडत नाही पण आमच्या घरात अंगावर पित्त उठलं की पहिलं सोलं भिजवून ते पाणी अंगाला लावतात आणि थोडं प्यायलाही देतात, गांधी उतरतात, माझ्या सासूपासून बघत आलेय. दाट आगळ कोणीच तसं पीत नाही, ते कढीला. उन्हाळ्यात पितात ते पातळ तिवळ.

वैद्य_डिचोली

माई, तेच म्हणतोय. पातळ केलेलं, गूळ-साखर आणि जिरं घातलेलं, जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घेतलेलं कोकम पित्ताच्या माणसालाही बहुधा चालतं, संस्काराने गुण बदलतात. शीतपित्तावर बाहेरून लावायला मीही सांगतो. आसावरीताईंनी फक्त उपाशीपोटी घेऊ नये आणि मीठ कमी ठेवावं एवढंच.

आंब्याचं राहिलं. कच्ची कैरी पित्त वाढवते, पण झाडावर नीट पिकलेला गोड मानकुराद तसा पित्तकर मानलेला नाही, त्रास होतो तो एका बैठकीत पाच-सहा खाल्ल्याने आणि वर जेवण केल्याने. तासभर पाण्यात ठेवून एखाद-दुसरा आंबा खा, जेवणाच्या जागी. फणसही पिकलेला बेताने, तो पचायला जड. काजूगर भाजलेले-खारवलेले मूठ मूठ खाणं मात्र बंद. आणि कोणी मार्च-एप्रिलात हुर्राक (काजूची दारू) थंड म्हणून पित असेल तर ग्रीष्मात मद्य वर्ज्यच सांगितलंय, अगदी घेतलंच तर खूप पाणी घालून, असं ग्रंथकारांनीच लिहून ठेवलंय.

सुलभा_म्हापसा

मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय आता रिटायर्ड आहे. वरची दोन्ही उत्तरं वाचली, घरगुती गोष्टींना माझा विरोध नाही, धण्याचं पाणी मी स्वतः घेते. पण आसावरी तू जे लिहिलंयस त्यातल्या तीन गोष्टी वाचून मला राहवलं नाही.

लघवीची जळजळ मधूनमधून होते म्हणतेस. बाईमाणसाला युरीन इन्फेक्शन फार पटकन होतं आणि ते उष्णता उष्णता म्हणून महिनोन्महिने अंगावर काढलं जातं. साधी युरीन रुटीन आणि गरज पडली तर कल्चर करून घे, जळजळ चालू असतानाच सॅम्पल दे, थांबल्यावर नको. थंडी वाजून ताप, कमरेत एका बाजूला दुखणं, लघवीत रक्त यातलं काही दिसलं तर धणे-बिणे काही नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

दुसरं, तू शाकाहारी आहेस, वारंवार तोंड येतं आणि तळपायांची आग होते. हे दोन्ही एकत्र दिसलं की बी-ट्वेल्व्ह बघायलाच हवं. ते मांस-मासे-अंडी-दूध यातूनच मिळतं, आणि दूधही कमी घेणाऱ्या शाकाहारी माणसात ते हमखास कमी निघतं. कमी असेल तर जगातला कुठलाही थंड पदार्थ ती आग थांबवणार नाही, आणि जास्त दिवस दुर्लक्ष केलं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. सोबत हिमोग्लोबिन, एचबीएवनसी (शुगरची) आणि टीएसएच (थायरॉईडची) पण कर. शुगर वाढलेली असली तरी पायांची आग होते आणि थायरॉईड जास्त काम करत असेल तर उकाडा सहन होत नाही, घाम फार येतो, छातीत धडधड होते, वजन उतरतं. या सगळ्या तपासण्या म्हापशात, फोंड्यात, पणजीत कुठल्याही लॅबमध्ये होतात.

रिपोर्ट नॉर्मल आले तर मनात शंका न ठेवता वैद्यांचं ऐकता येईल, आणि नाही आले तर खरं कारण सापडलं.

वैद्य_डिचोली

सुलभाताईंशी पूर्ण सहमत. बी-ट्वेल्व्हचं मीच आधी लिहायला हवं होतं असं नाही म्हणत, पण शाकाहारी रुग्णाला ही तपासणी मी स्वतः सांगतोच. ताईंनी रिपोर्ट घेऊनच वैद्याकडे जावं.

राजू_वेर्णा

मी पण फार्मात आहे, वेर्ण्याला. ताई तुमच्या पोस्टमधली एक ओळ वाचून मला लगेच कळलं, गाऊन मास्क हातमोजे घालून आत असता. आमच्याकडे पण तेच. बाहेर आलं की सगळं उतरवा, हात धुवा, परत चढवा, त्याला वेळ जातो आणि सुपरवायझर बघतो म्हणून माणसं पाणीच पीत नाहीत, बाथरूमला जायला नको म्हणून मुद्दाम कमी पितात, बायका तर जास्तच. आठ तासांत एखादा ग्लास. मग लघवी गडद पिवळी, जळजळ, डोकं दुखणं, आणि घरी येऊन म्हणायचं उष्णता झाली. आधी पाणी बघा तुम्ही. लघवीचा रंग फिकट राहिला पाहिजे हे माप सगळ्यात सोपं. आत जायच्या आधी अर्धा-पाऊण लिटर सावकाश, ब्रेकला परत तेवढंच, आणि सुटल्यावर. घटाघट एकदम नाही प्यायचं. आणि बाथरूमला जायचं झालं तर जायचं, त्यात लाजायचं काही नाही, कामाच्या जागी तेवढा वेळ मिळायलाच हवा, नसेल देत तर सेफ्टी ऑफिसरला लेखी द्या.

आणि गोव्यात घाम येतो पण वाळत नाही ही खरी भानगड आहे. साताऱ्यात हवा कोरडी, घाम आला की उडून जातो आणि अंग थंड होतं. इथं मे महिन्यात हवेतच इतकं पाणी असतं की घाम नुसता ओघळतो, अंग थंड होतच नाही वर मीठ मात्र जातं. म्हणून पंख्याखाली बसणं, सैल सुती कपडे, संध्याकाळी पुन्हा एकदा अंघोळ याने जो फरक पडतो तो कुठल्या सरबताने पडत नाही. घामोळ्याला पण तेच, अंग कोरडं ठेवायचं, तेल-क्रीम चोपडायचं नाही.

खूप घाम गेला असेल तर ओआरएसचं साधं पाकीट, डब्ल्यूएचओ फॉर्म्युला असं लिहिलेलं, एक लिटर पाण्यात अख्खं. अर्ध्या पाण्यात नाही, अर्धं पाकीट पण नाही. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. टेट्रापॅकमध्ये गोड ज्यूससारखं मिळतं ते तेच आहे असं समजू नका.

एक अजून, कोणाला उन्हात किंवा बॉयलरजवळ काम करून एकदम गोंधळल्यासारखं झालं, बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, ताप ४० डिग्रीच्या वर, तर तो उष्माघात. त्याला सोलांचं पाणी तोंडात ओतत बसू नका, शुद्ध नीट नसेल तर श्वासात जाईल. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ ला फोन.

नितीन_पेडणे

चांगली चर्चा चाललीय. माझी वहिनी सातव्या महिन्यात आहे तिलाही हाच त्रास, छातीत जळजळ आणि पायांची आग. वरचं सगळं तिला चालेल का? आई तिला सब्जा द्यायचा म्हणतेय. आणि आमच्या जवळ धारगळला आयुर्वेदाचं मोठं हॉस्पिटल झालंय तिकडे दाखवलं तर चालेल का

वैद्य_डिचोली

नितीन, सगळं नाही चालणार. गरोदरपणात कोरफड, निशोत्तर असलेली चूर्णं, अविपत्तिकर, कुठलंही स्वतःच्या मनाने आणलेलं भस्म पूर्ण बंद. सातव्या महिन्यात जळजळ होते ती बरीचशी पोटावर दाब आल्यामुळे, म्हणून तिला थोडं थोडं चार-पाच वेळा द्या, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये, झोपताना उशी उंच. लाह्यांची पेज, मुगाचं वरण-भात-तूप, आडसराचं पाणी, दूध चालेल. धण्याचं पाणी पातळ असेल तर हरकत नाही. सब्जा आणि गुलकंद द्यायच्या आधी तिच्या डॉक्टरला विचारा आणि शुगर वाढलीय का ते बघा, वाढली असेल तर गुलकंद नाही. सब्जा कोणालाही द्यायचा झाला तरी पंधरा-वीस मिनिटं भरपूर पाण्यात पूर्ण फुगू द्यायचा, कोरडा तोंडात टाकला तर घशात अडकू शकतो.

डोकं खूप दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर-हातावर सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणं यातलं काही असेल तर त्याला पित्त म्हणून घरात थांबू नका, बीपी वाढल्याचं लक्षण असू शकतं, लगेच तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे.

धारगळचं म्हणाल तर ती अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेची शाखा, ११ डिसेंबर २०२२ ला तिचं उद्घाटन झालं. ओपीडी आहे, जरूर दाखवा, पण गरोदरपणाची नेहमीची तपासणी चालू ठेवूनच. दक्षिणेकडच्या आणि फोंड्याच्या लोकांना शिरोड्याचं आयुर्वेद महाविद्यालय जवळ पडतं, आसावरीताई तुम्हालाही तेच सोयीचं.

आसावरी_फोंडा

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून कोणी सांगत नाही. ज्यूसच्या बाटल्या बंद केल्या. राजूदादा तुम्ही म्हणालात ते अगदी बरोबर आहे, आत असताना आम्ही पाणी पीतच नाही, मी हे उष्णतेशी कधी जोडलंच नव्हतं. शनिवारी युरीन, बी-ट्वेल्व्ह, शुगर, थायरॉईड सगळं करून घेते आणि रिपोर्ट घेऊन शिरोड्याला जाते. तोपर्यंत धणे, पेज आणि रात्री दह्याच्या जागी मुगाचं वरण-भात. नाईट शिफ्टला काय खाऊ ते मात्र कळत नाही, रात्री दोनला जेवण असतं कँटीनमध्ये आणि ते फार तिखट तेलकट. आणि माई, सोलं चांगली कशी ओळखायची? मागच्या वेळी आणलेली नुसती मिठाने भरलेली होती.

वैद्य_डिचोली

जागरणाने पित्त आणि वात दोन्ही वाढतात, ते टाळता येत नसेल तर निदान जेवणाची वेळ बदला. ड्युटीवर जायच्या आधी आठ-साडेआठला घरी नीट जेवून जा, रात्री दोनला फक्त घरची मऊ खिचडी किंवा लाह्या-दूध, कँटीनची उसळ-पाव नको. तीननंतर चहा-कॉफी बंद. सकाळी आल्यावर अंघोळ, हलकं खाऊन झोप, भरल्या पोटी लगेच झोपू नका.

सत्तरीची_माई

सोलं घेताना हातात दाबून बघ बाय, मऊ लवचिक असली पाहिजेत, रंग काळपट जांभळा. पांढरे मिठाचे दाणे वर दिसत असतील किंवा कडकडीत वाळलेली असतील तर घेऊ नको. भिरंडीचा रस पुन्हा पुन्हा लावून उन्हात वाळवतात तेव्हा कुठे सोलं दाट होतात, घाईत केलेल्यांत रस कमी आणि मीठ जास्त असतं. एखादं सोल पाण्यात टाकून बघायला माग, पाणी लालचुटूक लगेच सुटलं पाहिजे. नवीन माल मे महिन्यात येतो, पुरुमेताच्या म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या खरेदीत घे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी बायका घेऊन बसतात त्यांच्याकडून घेतलेली चांगली निघतात. घरी आणल्यावर काचेच्या नाहीतर चिनीमातीच्या बरणीत भर, ॲल्युमिनियमच्या डब्यात अजिबात नको, आंबटाने धातू झिजतो. जुनी सोलं जास्त खारट असली तर आधी एकदा पाण्यातून काढून ते पाणी टाकून दे आणि मग तिवळ कर.